अक्कांची कोठी

ओसरीवर चपला काढल्याचा आवाज आला की यमुनाक्का हातातलं काम तसंच ठेवून कान द्यायच्या. डोकावून बघायच्या नाहीत. नुसत्या ऐकायच्या आणि बोटांवर मोजायच्या. "तीन... चार... ही करकरती, म्हंजी नवी. आन् हा बूट." मग माझ्याकडं बघून म्हणायच्या, "बूट म्हंजी साहेब. तिखट कमी." बाहेरून गुरुजींची हाक येईपर्यंत इकडं चुलीवर आधण चढलेलं असायचं. त्यांनी पाच जोड मोजले आणि जेवायला सहा माणसं बसली, असं मी एकदाच पाहिलं. सहावा अनवाणी आला होता.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी बेंबळीला शिक्षिका म्हणून रुजू झाले. मी कळंबची. मुलींचे वर्ग नवे निघाले होते आणि एकट्या बाईला खोली द्यायला गाव बिचकत होतं. शेवटी हेडमास्तर गुरुजींनीच आपल्या घराची बाजूची खोली दिली. यमुनाक्का म्हणजे गुरुजींच्या पत्नी. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. तिशी ओलांडलेल्या, काटक, सावळ्या, मनगटावर चुलीच्या चटक्यांचे डाग. मूलबाळ नव्हतं, आणि त्यावर गावाला जे बोलायचं ते बोलून झालं होतं. घरात तिसरं माणूस म्हणजे गुरुजींच्या आत्याबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण जीभ आणि हात दोन्ही तरतरीत.

गुरुजी भला माणूस. त्यांच्याबद्दल पुढं मला थोडं वाकडं बोलायचं आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. निजामाच्या अमलात उर्दूतून शिकले, नव्या राज्यात मराठीतून शिकवायचे, आणि घाईत असले की पाढे मनातल्या मनात उर्दूत म्हणायचे. मुलांवर हात उचलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचा एकच षोक होता, तो म्हणजे पाहुणा.

आणि पाहुण्यांना तोटा नव्हता. नवं राज्य आलं तशी गावात सरकारी माणसांची रीघ लागली. शाळा तपासणारे, देवी टोचणारे, जमीन मोजणारे, मतदारांच्या याद्या करणारे. बेंबळीत तेव्हा खानावळ नव्हती. संध्याकाळच्या एसटीतून उतरलेला माणूस विचारायचा, "जेवायची सोय कुठं हाय?" आणि गाव गुरुजींच्या घराकडं हात करायचं. गुरुजी ओसरीवर उभेच. "या, या. आपल्या घरून आजवर माणूस उपाशी गेला न्हाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की एकदा न राहवून म्हटलं, "गुरुजी, आणि घरचं माणूस कधी कुठं गेलं का?" ते मोकळेपणानं हसले. त्यांना खरंच तो विनोद वाटला.

स्वयंपाकघराच्या मागं एक बिनखिडकीची खोली होती, तिला कोठी म्हणायचे. तीच अक्कांची खरी मिळकत. तिथं पत्र्याचे डबे, बरण्या आणि मडक्यांची उतरंड. मुगाचे सांडगे, कुरडया, शेवया, वाळवलेली गवार, वांग्याच्या वाळक्या फोडी, धपाट्यांचं पीठ, जवसाची नि कारळाची चटणी, महिनाभर टिकणाऱ्या कडक भाकरीची चवड. आणि सगळ्यांत मोठा डबा येसराचा. आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते: ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, खोबरं, मिरच्या हे सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलं की येसर होतं. लसणाची फोडणी करायची, पाणी ओतायचं, उकळी फुटली की येसर कालवून सोडायचं, आमटी तयार. लग्नाच्या पंगतीत मानानं वाढायची ही आमटी अक्कांनी रोजच्या धावपळीला जुंपली होती. पाहुण्यानं पाय धुवावेत, गुरुजींशी नव्या राज्याबद्दल चार गप्पा माराव्यात, तेवढ्यात पान वाढलेलं.

एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्ही दमत कशा नाही?"

"दमायला बसावं लागतं, बाई."

आणि खरंच, त्या कधी नीट बसायच्याच नाहीत. एक गुडघा उभा, एक हात जमिनीला टेकलेला. हाक आली की उठायला सोपं. माझ्या खोलीत आल्या तरी तशाच. माहेर येडशीचं, स्टेशनाजवळचं. भावाच्या लग्नाला चार वर्षांपूर्वी दोन दिवस गेल्या होत्या, तेवढंच. "आमच्या येडशीला गाडी थांबती," म्हणायच्या. "दोन मिनटं थांबती आन् सुटती. इथं कायबी सुटत न्हाय. नुसते पाव्हणे थांबत्यात."

सातवीचं पुस्तक मी खिडकीत ठेवायची. एक दिवस त्याच्या पानांवर हळदीची बोटं दिसली, आणि तीही मी अजून वर्गात न शिकवलेल्या धड्यावर. माझ्या आधीच कुणीतरी पुढं वाचून गेलं होतं. विचारलं तर अक्का चोरी सापडल्यासारख्या लाजल्या. चौथीपर्यंत शिकल्या होत्या, मग लग्न. मी म्हटलं, "सातवीच्या फायनलला बसा बाहेरून." दुसऱ्या दिवशी भांडी झाल्यावर त्या पाटी घेऊन हजर.

गणित त्यांना पाण्यासारखं यायचं. एकदा मी उदाहरण घातलं: चार मजूर एक विहीर बारा दिवसांत खणतात, तर सहा मजूर किती दिवसांत खणतील? "आठ," त्या लगेच म्हणाल्या. मग थोडा वेळ पाटीकडं बघत राहिल्या. "पण बाई, ह्या सहांच्या भाकरी कोण करतं? ती बाई ह्यात का न्हाय धरली?" मी म्हटलं, तिला गणितात धरत नाहीत. "असं व्हय," म्हणाल्या आणि पाटी पुसली.

परीक्षेचे दिवस सकाळच्या गाडीनं धाराशिवला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, असे काढले. परत आल्यावर पदर खोचायचा आणि चूल. पास झाल्या. काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. गुरुजींनी गावात पेढे वाटले, हेही नमूद केलं पाहिजे.

त्याच सुमाराला जिल्ह्याच्या गावी बायकांसाठी ट्रेनिंगचा वर्ग निघाला. वर्षभर तिथंच राहायचं, शिकायचं, आणि मग शिक्षिकेची नोकरी. वयाची अट होती, आणि त्या अटीत बसायचं अक्कांचं ते शेवटचंच वर्ष होतं. मी अर्ज आणला. अक्कांनी माझ्यादेखत गुरुजींपुढं ठेवला. माझी भांडायची सगळी वाक्यं तयार होती.

"जा की!" गुरुजी म्हणाले. "मी कशाला न्हाय म्हणू? फक्त घरचा इंतजाम तेवढा बघ. आलागेला उपाशी जाऊ नये, येवढंच."

'नाही' म्हणणाऱ्याशी भांडता येतं. 'जा की, फक्त' असं म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अक्कांना मात्र त्या 'फक्त'ची भीती वाटली नाही. त्यांना ते पाटीवरचं उदाहरण वाटलं. एक बाई वर्षभर नाही, पाहुणे येणारच, तर कोठीत काय काय हवं? चैत्र-वैशाखात वर माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, पाय ठेवायला जागा नव्हती. सांडगे, कुरडया, भाज्या. एक वाळलं की दुसरं. मी सुट्टीत कळंबला न जाता मदतीला राहिले. माझे सांडगे बघून अक्का म्हणाल्या, "बाई, तुमचं अक्षर येवढं सुंदर, आन् हे काय?" दिवसा ऊन आणि भट्टीसारखी चूल, तरी त्या कामात गुणगुणायच्या. त्यांना गाताना मी तेव्हाच ऐकलं.

अक्कांच्या मागं रांधणार कोण, तर आत्याबाई. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून अक्कांनी प्रत्येक डब्याच्या गळ्याला सुतळी बांधली आणि तिला गाठी मारल्या. एक गाठ येसर, दोन सांडगे, तीन चटणी, असं. प्रत्येक डब्यात एक करवंटी, चार माणसांना एक करवंटी हे माप. आठ दिवसांत आत्याबाई बोटानं गाठ चाचपून बिनचूक डबा काढायला लागल्या. "डोळे असताना येवढं येत नव्हतं गं मला," म्हणायच्या. गुरुजींच्या वाट्याला चूल पेटवणं आणि पाणी मोजून ओतणं. पहिल्या दिवशी त्यांनी भुवया जाळून घेतल्या, पण शिकले. मनापासून शिकले.

मृग लागायच्या आधी एका संध्याकाळी शाळा तपासणारे साहेब तिघांना घेऊन आले. अक्का उठल्या, कोठीच्या दारापर्यंत गेल्या, आणि तिथनंच वळून माझ्या खोलीत आल्या. चक्क मांडी घालून बसल्या. दोन्ही हात मांडीवर. भिंतीपलीकडं आत्याबाई आणि गुरुजी.

"चूल धरली... आता फोडणी... लसूण करपायलाय बघा... न्हाय, सावरलं." अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मग उकळीचा आवाज, मग ताटं, मग जेवणाऱ्या माणसांची ती शांतता. आणि साहेबांचा आवाज आला, "वा गुरुजी! अक्कांच्या हाताला तोड नाही."

अक्कांनी तोंडावर हात दाबला आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. "मी इथं बसले की वो बाई! मी इथं हाय!" मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी त्या खोलीत पोरींसारख्या हसलो. अक्का सुटल्या, असं मला त्या वेळी अगदी खरं वाटलं.

तेवढ्यात गुरुजी अभिमानानं बोलताना ऐकू आले. "साहेब, आज ती चुलीपाशी आलीच न्हाय! हे सगळं मी आन् आत्यानं केलंय. अर्ध्या तासात!" साहेब खूश झाले. "मग काय गुरुजी, शिक्षकांची सभा तुमच्याकडंच भरवू दर महिन्याला." आसपासच्या गावांचे धरून वीस-बावीस शिक्षक होत. गुरुजी म्हणाले, "खुशाल!"

अक्कांचं हसू तिथंच थांबलं.

पुढचं सांगताना मला अजून राग येतो, आणि कुणावर काढावा ते ठरत नाही. स्वयंपाक अवघड होता तोवर गुरुजी निदान थोडा तरी संकोच करायचे. आता सोपा झाला होता. सभेला आलेले वीस जेवले. त्यांतले पाच मुक्कामाला राहिले. शेजारच्या घरी लग्नात येसर कमी पडलं, तर कुणीतरी म्हणालं, अक्कांकडं वर्षाचं हाय की, आणि पातेलं भरून गेलं. जमीन मोजणारे पंधरा दिवस तळ ठोकून होते. आत्याबाईंना तर हुरूपच आला होता. कुणी ओसरीवर खोकलं तरी त्या गाठ चाचपायला उठायच्या. वर्षासाठी भरलेली कोठी पाच आठवड्यांत तळाला लागली. आणि खोटं कशाला बोलू, त्या डब्यांतलं मीही खाल्लं. शाळेतून दमून आलं की आयती आमटी कुणाला नको असते?

मी अक्कांना म्हटलं, "कुलूप लावा कोठीला."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "कुलूप? खायच्या डब्याला? पेटीला लावत्यात बाई, दाराला लावत्यात. अन्नाला कुलूप लावून बाई शिकायला गेली, असं म्हणू देऊ व्हय गावाला?"

पाऊस सुरू झाला होता. माळवद ओलं; सांडगे-कुरडया आता पुढच्या वैशाखापर्यंत होणार नव्हत्या. येसर तेवढं करता येत होतं. अक्का पहाटे उठून भाजायच्या, जात्यावर दळायच्या, डबा भरायच्या; संध्याकाळी तो उतरलेला असायचा. तरी त्यांनी जिद्द सोडली नाही. जायच्या दिवसापर्यंत येसराचा डबा पुन्हा गळ्यापर्यंत आणला.

तो आषाढातला सोमवार होता. नऊची गाडी. अक्कांनी निळं नवं लुगडं नेसलं होतं, ट्रंक उंबऱ्याशी आणून ठेवली होती. मी पहिल्या तासाची सुट्टी काढून पोचवायला थांबले होते. आत्याबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, "जा गं माय, शिकून ये." आणि ओसरीवर चपला वाजल्या. आम्ही तिघीही मोजत होतो. नऊ जोड झाले, त्यात दोन बूट.

गुरुजी हसत आत आले. "अगं, साहेब आलेत. संगट वरचे साहेब बी हायत. आत्याला येवढ्यांचं झेपायचं न्हाय. तू तेवढं टाक आन् उद्याच्या गाडीनं जा. एका दिसानं काय व्हतंय?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं.

त्या पाहण्याचा मी पुढं फार वर्षं विचार केला आहे. मी मुलींची शिक्षिका. 'अक्का, चला' एवढे दोन शब्द मला म्हणायचे होते. ट्रंक उचलायची होती. पण बाहेर माझेही साहेब बसले होते. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी म्हटलं, "उद्या गाडी आहेच की, अक्का."

त्यांनी लुगड्याचा काठ वर खोचला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं एसटीचा भोंगा ऐकू आला. आत फोडणी चरचरत होती.

उद्या आत्याबाईंना ताप होता. परवा वरचे साहेब अजून मुक्कामालाच होते. त्या आठवड्यात असे चार उद्या झाले आणि शनिवारी कार्ड आलं: हजर न झाल्यामुळं जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. गुरुजींना मनापासून वाईट वाटलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. अक्कांनी कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, परत वाचलं. "अक्षर चांगलं हाय," म्हणाल्या आणि माझ्या हातात दिलं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडं पुस्तक मागितलं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. वर्षाच्या आत माझी बदली झाली.

मधे बरीच वर्षं गेली. महाराष्ट्र झाला, पंचायत समित्या आल्या, आणि शाळा तपासायचं काम माझ्याकडं आलं. एका दुपारी माझी जीप बेंबळीत शिरली तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं. डबा मी सकाळी स्वतः करून सोबत घेतला होता.

गुरुजी निवृत्त होऊन ओसरीवर खुर्चीत बसले होते. मला पाहून त्यांना भरून आलं. "अगं, कोण आलंय बघ! बाई आल्यात, साहेब होऊन आल्यात!" आत्याबाई गेल्या होत्या. अक्कांचे केस पांढरे झाले होते आणि हालचाल तीच. मी हात धरून म्हटलं, "काही करू नका. मी डबा आणलाय." गुरुजींना ते फार लागलं. "आमच्या दारात डबा?" ते बाहेरून म्हणत राहिले.

अक्का मला आत घेऊन गेल्या. डबा माझ्या हातातून घेतला, उघडला. दोन भाकरी आणि बटाट्याची भाजी. माझ्या हातचं जेवण कसं असतं, हे घरच्यांना विचारा. त्या थोडा वेळ डब्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग भिंतीला पाठ लावून खाली बसल्या, डबा पुढ्यात ओढला आणि जेवायला लागल्या. मला विचारलं नाही. सावकाश, एकेक घास नीट चावून खात होत्या.

"मीठ जास्त झालंय," मी म्हटलं.

"असू द्या." त्यांनी दुसरी भाकरी मोडली. "दुसऱ्याच्या हातचं कधी खाल्लंय, आठवत न्हाय बाई."

बाहेरून गुरुजींचा आवाज आला, "अगं, पानाचं काय झालं? बाई खोळंबल्यात!"

अक्कांचा हात घासावर थांबला. एक पाय त्यांनी उठण्यासाठी जवळ घेतलासुद्धा.

"जेवण चाललंय, गुरुजी," मी आतूनच मोठ्यानं सांगितलं, आणि दार लोटून त्याला पाठ लावून उभी राहिले.